इंटरवलनंतरचा बाप

मला पिक्चरमधलं काही कळत नाही, आधीच सांगतो.
माग बंद असले की आठवड्याला एक बघतो,
अशोक चौकातून चालत जाऊन,
मी आणि भूदेवी.
तिच्या पिशवीत टॉवेलखाली शेंगा,
आत नेऊ देत नाहीत म्हणून.

एकोणतीस वर्षं मागावर.
डावा कान आधी गेला, उजवा त्याच्या मागं निघाला,
उजव्यात चिमूटभर शिल्लक आहे, ती भूदेवीपुरती.
त्यामुळं हिंदी, तेलुगू, मराठी, काहीही चालतं.
तिकिटाला तेवढेच पैसे.

तो उंच, ज्याच्या आवाजाची
अख्खी साखर पेठ नक्कल करते,
त्याचं मला कौतुक नाही.
आवाज काढून घ्या, काय उरतं?
जबडा. वर-खाली, वर-खाली.
आमचा धोटा तरी आडवा पळतो.

नव्या पोरीला मात्र मानतो.
ती दाराला कडी लावते, काढते,
परत लावते.
बास.
मला कळलं, नवरा येत नाही आता.
पुढं अर्धा तास सगळे तेच बोलत बसले.

भूदेवी चेहरा बघत नाही, हात बघते.
सूप मांडीवर घेऊन रोज हजार विड्या वळणारी बाई,
तिला काय फसवणार?
हिरोनं विडी पेटवली की म्हणते,
"सैल आहे की ओ. छाटात गेली असती."
झोपडीतल्या आईची नखं बघून
तिनं एकदा अख्खा पिक्चर झोपून काढला.

मीही एकदा चुकलो.
पडद्यावर विणकर होता, आमच्यातलाच म्हणे,
तुटलेला धागा त्यानं बुटाच्या नाडीसारखा बांधला.
मी मोठ्यानं हसलो.
सगळं थेटर मागं वळलं,
तिथं त्याचं लेकरू मेलं होतं.
भूदेवीनं काढलेला चिमटा चार दिवस निळा होता.

पण मला खरा आवडतो तो बाप.
नाव माहीत नाही.
त्याचं नाव शेवटी येतं, तोवर झाडूवाला आत आलेला असतो.
कुणाचाही बाप होतो तो, जजचा, हमालाचा,
आणि इंटरवलच्या आत मरतो.
चहा पिताना मला कायम त्याचं सुतक असतं.

परवाच्या पिक्चरात तो जगला.
पळून गेलेला पोरगा दारात उभा,
हा खुर्चीतून अर्धा उठला, राहिला तसाच,
पोराच्या चपलांकडं बघत काहीतरी बोलला.
लांबलचक.
मी विचारलं, काय म्हणला?
भूदेवी कानाशी ओरडली,
"म्हणला, जेवून जा."

दोन दिवसांनी जावई आला, नागनाथ.
त्यानं खुणा करून, शेवटी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं:
'या उंबऱ्यावर परत पाय ठेवू नको,
असं म्हणतो तो, मामा.'

मी कागद भूदेवीपुढं धरला.
ती पानं कापत होती, कात्री थांबली नाही.
"तोंडानं तसं म्हणला असेल.
तुम्ही चेहरा बघितला ना?"

बघितला होता.
जेवून जा, असाच होता तो चेहरा.
नागनाथला ऐकू येतं, त्याला काय सांगायचं.

रात्री झोप लागली नाही.
सिव्हिलमधला तो डॉक्टर आठवला,
दोन्ही कानांत बत्ती घालून
मग माझ्याशी नाही, हिच्याशीच बोलला होता.
लांबलचक.
बाहेर येऊन ही कानाशी म्हणाली होती,
"थोडं थोडं परत येईल म्हणतात."

सहा वर्षं झाली.
त्या डॉक्टरला नट म्हणून कुणी घेणार नाही,
पण त्याचाही चेहरा मी बघितला होता.
तेव्हाच.

तिला म्हणलं होतं,
बरं झालं की. चल, पाच रुपयाच्या शेंगा घे,
सहाचा खेळ मिळतोय.